साडेबावन्न तोळे चांदी आणि बॅश

जकातीत एक रेघ फार महत्त्वाची: निसाब. साडेबावन्न तोळे चांदी, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम. तेवढी ऐपत असली की माणूस देणारा, त्याखाली घेणारा.

यंदा आमच्या भाच्याने चंद्रपुरात ही वाटणी बॅशच्या छोट्या स्क्रिप्टवर सोपवली. मूल, अहेरी, वडसा इथून आलेली नावं, आणि प्रत्येकाची ऐपत त्या दिवशीच्या भावाने चांदीत. हाताने करायला बसलं तर रमजान सरतो, तेव्हा कल्पना चांगलीच. पण वडशाची एक विधवा, शिवणकामावर घर चालवणारी, ९५.५ ग्रॅमवर ‘साहिबे-निसाब’ ठरली! आणि १२५० ग्रॅमवाला एक गृहस्थ घेणाऱ्यांत.

बॅशला अपूर्णांक कळत नाहीत. त्याचं ‘-जीटी’ फक्त पूर्णांक घेतं, टिंब दिसलं की कुरकुरतं. म्हणून भाच्याने दुहेरी चौकोनी कंसात ‘>’ टाकलं. “मामू, आता एरर येत नाही ना!” येत नाही, हीच तर पंचाईत. तिथे बॅश किंमत बघत नाही, शब्दकोशासारखी अक्षरं लावतो. ९ हा ६ च्या नंतर, १ आधी, झालं. (एकेरी कंसात तर ‘>’ म्हणजे ‘फाइलमध्ये लिही’. ६१२.३६ नावाची रिकामी फाइल तयार होते आणि उत्तर कायम ‘खरं’.)

टिंबापुढचं छाटा, असं काही जण सुचवतात. मला पटत नाही. ६१२.२० आणि ६१२.३६ दोन्ही ६१२ होतात, आणि निसाबाला न पोचलेला माणूस देणारा ठरतो.

सरळ उपाय ‘बीसी’. ‘९५.५ >= ६१२.३६’ अशी ओळ त्याला पाइपने द्यायची, आकडे इंग्रजी अंकांत. खरं असेल तर १ छापतो, नाहीतर ०. तपासायचा तो हा छापलेला आकडा. एक्झिट कोडमध्ये ० म्हणजे यश, तिथे गल्लत होते. ‘=’ मुद्दाम, कारण ऐपत नेमकी निसाबाइतकी असली तरी माणूस देणाराच. बीसी लावल्यावर त्या बाईंचं नाव घेणाऱ्यांत आलं. ‘ऑक’नेही हे जमतं.

मला स्वतःला मिलिग्रॅम बरे वाटतात. ६१२३६० लिहिलं की टिंबच उरत नाही, बॅशचं स्वतःचं ‘-जीई’ चालतं. जुने सराफ हेच करायचे: तोळ्याचे १२ मासे, म्हणून निसाब ६३० मासे. पुढच्या रमजानला वजनं मिलिग्रॅममध्येच भर, असं भाच्याला सांगून ठेवलंय.