खासबागेचे सूत

बेळगावास आलेल्या पाहुण्याला आपण किल्ला दाखवतो, त्यातील कमल बस्ती दाखवतो, कपिलेश्वराचे दर्शन घडवतो आणि कुंद्याचा पुडा हाती देऊन गाडीत बसवतो. खासबाग त्याला कोणी दाखवीत नाही. पूर्वी सांगली संस्थानात असलेले शहापूर ओलांडले, की ही विणकरांची वस्ती लागते. अरुंद गल्ल्या, घराघरांतून येणारा मागांचा खडखडाट, ओसरीवर कांड्या भरीत बसलेल्या आज्ज्या. मराठी आणि कानडी येथे एकाच वाक्यात नांदतात.

या गल्ल्यांतून हिंडण्याचा योग मला एका कावळ्याच्या पिलामुळे आला. उन्हाळी सुटीनंतर शाळा उघडली, तेव्हा आवारातील झाडावर ते मेलेले पिलू फांदीखाली लोंबकळत होते. पायाला जांभळ्या सुताचा वेढा पडला होता. ओसाड घरटे उतरवून पाहिले, तो काटक्यांइतकेच सूत! विणकरांच्या मुलांना ते ओळखण्यास क्षणही लागला नाही. “सर, हे आमच्याच मागाचं.”

कापसाचा धागा पावसात कुजतो. पॉलिस्टरचा धागा म्हणजे प्लास्टिकच. तो तसाच राहतो, आणि पिलाचा पाय वाढेल तसा फास आवळत जातो. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे कावळ्यांची घरटी तपासली, तेव्हा १९५ पिलांपैकी ११ पिले अशी गुरफटलेली आढळली. हा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. हरियाणातील बसईच्या पाणथळीत जून २०१८ मध्ये एका करकोच्याच्या चोचीत प्लास्टिकचे कडे अडकले, तेव्हा त्याला पकडून सोडविण्यासाठी वनखाते आणि पक्षिमित्र कित्येक दिवस त्याच्या मागावर होते. तो पक्षी मोठा, उघड्यावर वावरणारा. घरट्यातला फास कोणाला दिसणार?

मग शाळा सुटल्यावर मुलांना घेऊन आम्ही घरोघर निघालो. पितृपक्षात गच्चीवर पान मांडून कावळ्याची आळवणी करणाऱ्या एका सद्गृहस्थांनी दारच उघडले नाही. एका वृद्ध विणकराने मात्र मला निरुत्तर केले. “सर, सुरतेच्या साडीनं आमचं पोट मारलं, माग बंद पडाय लागल्यात, आणि तुम्ही कावळ्याचं घेऊन आलासा?”

त्यांचे खोटे नव्हते. मी परतण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात सातवीतील एक मुलगी पुढे झाली आणि त्यांच्याशी कानडीतून बोलू लागली. माग थांबवा असे आम्ही म्हणत नाही, अज्जा. तुटके सूत गटारीकडे न लोटता पोत्यात टाका, आम्ही शनिवारी येऊन नेतो. म्हातारा काही बोलला नाही. त्याच्या बायकोने आतून एक जुने पोते आणले आणि मागाशेजारच्या खुंटीला अडकवले.

त्या गल्लीत आता चौदा घरी पोती आहेत. मुले लांब धागे बोटभर कापतात, मगच कचऱ्याच्या गाडीत देतात.

यंदा त्याच झाडावर पुन्हा घरटे झाले. काटक्यांतून एक हिरवा धागा खाली लोंबतो आहे, आणि प्रार्थनेच्या वेळी निम्म्या शाळेची मान वर असते.