आजोबांची थ्री नॉट थ्री

कुणी स्नीकर्स जमवतं, कुणी विनाइल रेकॉर्ड्स, कुणी जुनी घड्याळं. आम्ही दोघे भाऊ मात्र निघालो होतो थेट रायफल घ्यायला...

आधीच सांगून ठेवतो, माझ्या घरी बंदूक नाही. मुलुंड ईस्टच्या आमच्या टू-बीएचकेमधली सगळ्यात धोकादायक वस्तू म्हणजे आईचा जुना मिक्सर. पण गेलं वर्षभर मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागून रायफलींचे फोटो झूम करून बघत होतो, हेही खरं. सकाळी मुलुंड ते घाटकोपर लोकल, घाटकोपर ते अंधेरी मेट्रो आणि दोन्हीकडे उभ्या उभ्या डुलक्या. ऑफिसात सगळ्यांना वाटलं, पोरगा प्रेमात पडलाय. अगदीच चूक नव्हतं त्यांचं!

सुरुवात झाली एका फोटोपासून. आजोबांचा, बेळगावचा, १९५८ सालचा. मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमधला. विशीतला सडपातळ पोरगा, चुरचुरीत इस्त्रीची खाकी, चेहऱ्यावर हसू नाही आणि शेजारी सरळ उभी केलेली रायफल. आज आजोबा अठ्ठ्याऐंशीचे आहेत. गुडघे गेलेत, ऐकू कमी येतं, पण हा फोटो हातात दिला की पाठ आपोआप ताठ होते. गेल्या गणपतीत आत्याच्या कपाटातून तो निघाला आणि मी लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर ह्यूस्टनला पाठवला. तिथे आमचा दादा असतो, आत्याचा मुलगा. दोन मिनिटांत रिप्लाय आला, ‘अरे, ही इथे विकत मिळते!’

झालं. दोघांच्या डोक्यात एकच किडा शिरला. आजोबांची रायफल घ्यायची. म्हणजे तीच नाही, पण तशीच.

इथे नो एंट्री

तुम्ही म्हणाल, ह्यूस्टनला कशाला जायचं? रायफल तर आपलीच ना? अगदी आपली. ली-एनफील्डचं हे मॉडेल ब्रिटिश लष्करानं १९०७ मध्ये स्वीकारलं आणि कोलकात्याजवळच्या ईशापूरच्या कारखान्यात ते वर्षानुवर्षं बनत राहिलं. साधारण चार किलो वजन, मॅगझिनमध्ये दहा गोळ्या. १९६२ च्या युद्धात आपल्या जवानांच्या हातात मुख्यतः हीच होती. पोलिसांनी तर तिला सोडलंच नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीवर एके-४७ समोर उभ्या असलेल्या पोलिसांकडे थ्री नॉट थ्री होत्या, हे आपण सगळ्यांनी सुन्न होऊन पाहिलंय. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताक दिनाला.

पण सामान्य माणसासाठी ती बंद. आपल्या शस्त्र नियमांत .३०३ आणि ७.६२ मिमी बोअरच्या बोल्ट अ‍ॅक्शन रायफली प्रतिबंधित गटात येतात. कारण सोपं आहे, लष्कराची गोळी बाहेरच्या बंदुकीत बसता कामा नये. म्हणून तर ईशापूरनं नागरिकांसाठी याच यंत्रणेवर .३१५ ची वेगळी स्पोर्टिंग रायफल काढली. ‘पण शोपीस म्हणून?’ असं मी एका वकील मित्राला विचारलं. तो म्हणाला, १९५९ च्या शस्त्र कायद्यात सवलत आहे, पण ती दुरुस्त करूनसुद्धा चालणार नाही अशा कालबाह्य हत्यारालाच. ‘आणि ते तू पोलीस स्टेशनात उभा राहून सिद्ध करत बसणार आहेस का?’ नाही बाबा!

मग मी साइड बिझनेस सुरू केला. रायफल नाही तर तिचं सामान. दक्षिण मुंबईतल्या एका जुन्या बाजारातून बंदुकीच्या तेलाची पितळी बाटली आणली, अठराशे रुपयांना. दुकानदारानं ‘वर्ल्ड वॉर का माल’ म्हणून शपथ घेतली. घरी येऊन चिंचेनं घासली तर आतून कोरं करकरीत, पिवळंधमक पितळ. वर्ल्ड वॉर फार तर मागच्या दिवाळीत झालं असावं. त्याच माणसानं बायोनेटही दाखवली होती. नऊ इंचांपेक्षा लांब पात्याच्या हत्याराला आपल्याकडे परवाना लागू शकतो हे वाचलं होतं, म्हणून हात मागे घेतला. ती एवढीच अक्कल मी वेळेवर वापरली.

स्वस्ताईचे दिवस गेले

तिकडे दादाचा अभ्यास जोरात. एच-वन-बीवर होता तोवर काही अपवाद सोडले तर बंदूक घेता येत नव्हती, आता ग्रीन कार्ड आलं होतं. पैसे त्याचे, रायफल त्याच्या नावावर, त्याच्याच तिजोरीत राहणार. माझं काम फक्त रिसर्च. एमबीएला केलं नाही एवढं वाचन मी या काळात केलं.

गंमत बघा. अमेरिकेनं १९६८ च्या कायद्यानं लष्करी जुन्या बंदुकांची आयात बंद केली होती. ऐंशीच्या दशकात ‘क्युरिओ’ म्हणून ती पुन्हा खुली झाली आणि देशोदेशीची कोठारं जहाजांतून तिथे रिकामी झाली. रशियन मोसिन-नागांत, आपल्या ईशापूरच्या रायफली, सगळं शंभर डॉलरच्या आतबाहेर. लोक पिंपात हात घालून निवडायचे म्हणे, आपण भाजीवाल्याकडे वांगी निवडतो तशी. तेव्हा कुणी त्यांना कलेक्शन म्हणत नव्हतं. लाकूड कापून शिकारीसाठी आखूड केलं, पॉलिश मारलं, खेळ संपला.

कोठारं एकदाच रिकामी होतात. नवा माल येत नाही, जुन्यातला निम्मा कापून खराब झालेला, त्यामुळे धड राहिलेल्याचा भाव चढतच जातो. लहानपणी आम्ही बोरिवलीच्या मावशीचा फ्लॅट ‘फारच लांब’ म्हणून हसण्यावारी न्यायचो, तसंच हे. आता बसा हात चोळत. शंभरातली रायफल आम्ही शोधायला लागलो तेव्हा सात-आठशेवर गेली होती.

आणि भाव चढला की कलाकार येतात. जुन्या रायफलीत बॉडी, बोल्ट, नळी अशा भागांवर एकच नंबर हवा. बोल्ट त्या बॉडीसाठीच बसवलेला असतो. दुसरा टाकला आणि फट राहिली, तर गोळीचं कवच फाटून भडका तोंडाकडे येऊ शकतो. त्यामुळे एकाच नंबराच्या रायफलीला जास्त पैसे. मग काय, कलाकार मंडळी जुना नंबर घासून नवा ठोकतात! कापलेलं लाकूड जोडतात, गंज घालवून नवा काळा रंग चढवतात. माल जितका चकचकीत तितकी शंका जास्त. सेकंडहँड कार घेतलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

बोरिवलीला मित्राचे वडील राहतात. काका आर्मीत आर्मरर होते, आयुष्य रायफली खोलण्यात गेलं. एका रविवारी वडापाव घेऊन त्यांच्याकडे गेलो. दोन तास बोलले. ईशापूरच्या कित्येक रायफलींत पुढच्या लाकडात आडवा मजबुतीचा स्क्रू असतो, स्वातंत्र्याआधीच्या मालावर मुकुट आणि ‘जीआरआय’, नंतरच्या मालावर अशोकस्तंभाचे सिंह, अशा खुणा त्यांनी वहीवर काढून दाखवल्या. निघताना दारात म्हणाले, ‘एक लक्षात ठेव. वरचं लाकूड काढून खालची नळी बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. रायफल खोटं बोलते ते लाकडाच्या खाली.’

‘दुसरा गिऱ्हाईक आहे’

फेब्रुवारीत ती सापडली. ईशापूर, १९४२, मुकुट आणि जीआरआय ठसठशीत, आडवा स्क्रू जागेवर, सगळे नंबर एक. आठशे पन्नास डॉलर. विकणारा एक छोटा डीलर. दादानं बावीस फोटो पाठवले. मी बावीसच्या बावीस बघितले. लाकडाखालचा एकही नव्हता.

मी विचारलं. दादानं डीलरला विचारलं. डीलर म्हणाला, ‘लाकूड जुनं आहे, काढताना तडकेल. आणि संध्याकाळी दुसरा गिऱ्हाईक येतोय.’

मुंबईत रात्रीचे पावणेदोन. सकाळी नऊला माझं प्रेझेंटेशन. दादाचा मेसेज : ‘तू सांग. तू म्हणशील तसं.’ त्याच आठवड्यात आजोबांना न्यूमोनियानं हॉस्पिटलात टाकलं होतं. अठ्ठ्याऐंशी वय. मनात एकच, त्यांना एकदा दाखवायला मिळू दे. काकांचं वाक्य आठवत होतं, स्पष्ट आठवत होतं. तरी टाइप केलं, ‘घे.’

आजोबा घरी आले. रायफलही दादाच्या घरी आली. आणि पुढच्या शनिवारी दादानं तिचं वरचं लाकूड काढलं. मुळीच तडकलं नाही, आरामात निघालं. खाली नळीच्या मागच्या भागात, जिथे गोळी बसते तिथे, एक गोल डाग. भोक पाडून नंतर भरलेलं. बाजूला घासलेल्या जागेत उजेड तिरका धरला की दोन अक्षरांची सावली दिसत होती. डी आणि पी.

ती अक्षरं मला कुणी सांगायला नको होती. कॉलेजात तीन वर्षं एनसीसी केलंय. डीपी म्हणजे ड्रिल पर्पज. फक्त कवायतीची. गोळी उडू नये म्हणून निकामी केलेली. कुणीतरी तिचं भोक बुजवलं, अक्षरं घासली, बोल्टवर नवा नंबर ठोकला आणि तिला ‘लढाईची’ करून विकलं. दादा पुढच्या रविवारी रेंजवर घेऊन जाणार होता तिला. गाल टेकवून नेम धरणार होता. त्या विचारानं मला दरदरून घाम फुटला. पैसे गेले ते गेले. पण माझ्या एका ‘घे’ नं भावाचा डोळा गेला असता.

डीलरनं हात वर केले, ‘जशी आहे तशी’ विकली होती म्हणे. दादा मला एक शब्द बोलला नाही. तेच वाईट. आठ दिवस मेसेजच्या निळ्या टिका दिसायच्या, उत्तर नाही. शेवटी मीच फोन केला. काकांनी काय सांगितलं होतं आणि तरीही मी काय केलं, सगळं सांगितलं. तो म्हणाला, ‘घाई मलाही होती रे.’ मग थोड्या वेळानं, ‘आजोबांना काय सांगायचं?’

कोतातली रायफल

ठरवलं, काहीच सांगायचं नाही. लांबून दाखवायची.

रविवारी रात्री नऊला व्हिडिओ कॉल लावला. तिथे सकाळ. आजोबांना उशी लावून बसवलं, टॅबलेट मांडीवर, कानाला मशीन. दादानं रायफल उचलून कॅमेऱ्यासमोर धरली. आजोबा काही बोलेनात. मग एकदम खणखणीत आवाजात, ‘बोल्ट उघड आधी! खाली का वर ते बघायला नको?’ ह्यूस्टनमधला सीनियर इंजिनीअर दचकून बोल्ट उघडू लागला.

आणि मग जे सुरू झालं! फुलतरू कशी ओढायची, चिंदीला तेल किती लावायचं, सकाळी कोतातून रायफल काढताना बट नंबर कसा ओरडायचा. त्यांचा नंबर त्यांनी पटकन सांगितला. सत्तर वर्षं होत आली, परवा नातसुनेचं नाव विसरले होते. ‘माझी रायफल कसली रे? सरकारची. हरवली तर कोर्ट मार्शल. संध्याकाळी जमा करायची आणि सुटलो म्हणायचं.’ आम्ही दोघं वर्षभर ‘आजोबांची रायफल’ म्हणत होतो. त्यांनी एकदाही तसं म्हटलं नाही.

‘जवळ आण,’ ते म्हणाले. दादानं माझ्याकडे, म्हणजे स्क्रीनकडे बघितलं. मग हळूच लाकूड काढून कॅमेरा जवळ नेला. लपवणं आता त्यालाही जमेना. आजोबांनी चष्मा वर केला, खाली केला.

‘डीपी आहे ही.’

आम्ही गप्प.

‘आम्हाला भरती झाल्यावर सुरुवातीला हीच दिली होती,’ आजोबा म्हणाले. ‘चांगली रायफल हातात यायला महिने लागले. खांदे सोलले ते हिच्यानंच. केवढ्याला दिली?’

दादा म्हणाला, ‘दहा हजार रुपये.’

‘फसवलं तुम्हाला,’ असं म्हणून आजोबांनी मशीन कानातून काढलं आणि झोपायला गेले.

खरा आकडा आत्यालाही माहीत नाही. रायफल दादाच्या तिजोरीत आहे, फायरिंग पिन काढून, गळ्यात ‘उडवू नये’ अशी मराठी-इंग्रजी पाटी बांधून. आजोबा मात्र दर रविवारी विचारतात, तेल लावलं का म्हणून. आणि दादाला कॅमेऱ्यासमोर लावून दाखवावं लागतं.

जुनं काहीही घेण्याआधी

● आधी कायदा वाचा, मग भाव. ‘शोपीस आहे’ हे वाक्य पंचनाम्यात चालत नाही.

● नंबर जुळतात एवढ्यावर भुलू नका. नंबर कधी ठोकलाय ते बघा. जुन्या वस्तूवर ताजी अक्षरं उठून दिसतात.

● जो भाग दाखवायला विकणारा टाळाटाळ करतो, नेमका तोच बघा. नाही दाखवला, तर नमस्कार करून निघा.

● ‘दुसरा गिऱ्हाईक आहे’ म्हटलं की मोबाइल ठेवून झोपा. रात्री पावणेदोनला घेतलेला निर्णय सकाळी नऊला कधीच चांगला दिसत नाही.

● आणि घरात तो काळ बघितलेलं माणूस असेल तर पैसे द्यायच्या आधी त्यालाच फोटो दाखवा. सरप्राइज नंतर द्या. आमच्याकडे तज्ज्ञ आतल्या खोलीत झोपला होता, आणि मी त्याला सोडून सगळ्या मुंबईला विचारत फिरत होतो!