एका अनुस्वाराची किंमत

चिंता आणि चिता यांत एका बिंदूचा काय तो फरक, हे सुभाषितकारांनी फार पूर्वीच सांगून ठेवले आहे. मला मात्र त्याचा प्रत्यय यायला वयाची एकाहत्तर वर्षे जावी लागली. एका दिवंगत गुरुजींच्या स्मृतिग्रंथाची मुद्रिते मी तपासली होती. ‘गुरुजींनी जन्मभर विद्यार्थ्यांची चिंता वाहिली’ या वाक्यातला तेवढा बिंदू गळाला आणि ग्रंथ तसाच घरोघर गेला! रागावले कोणी नाही. गुरुजींची मुलगी फोनवर एवढेच म्हणाली, “काका, आता डोळ्यांना त्रास देऊ नका.” याच्यापेक्षा तिने चार शब्द सुनावले असते तर बरे झाले असते.

मुद्रिते तपासण्यात माझी चाळीस वर्षे गेली. पूर्वी ओल्या शाईचे कागद येत, हल्ली फाइल येते आणि ती मी पडद्यावरच वाचतो. ‘संपले आपले’ असे मनाशी म्हणत मी तळेगाव स्टेशनजवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी भिंतीवरची अक्षरे वाचायला लावली, आणि म्हणाले, “चष्म्यासकट नजर अगदी उत्तम आहे तुमची. वाचता कशावर ते सांगा.”

वाचत होतो ते मुलाने टाकून दिलेल्या जुन्या लॅपटॉपवर. सूनबाई हिंजवडीला संगणकाच्याच कामावर जाते. तिने तो उघडून पाहिला आणि कपाळाला हात लावला. “बाबा, याचं रेझोल्यूशन केवढं कमी आहे!”

हे रेझोल्यूशन मला तिने रांगोळीवरून समजावले. पडदा म्हणजे ठिपक्यांचा कागद. या जुन्या पडद्यावर आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके, जे काढायचे ते त्यांतूनच. इंग्रजी अक्षराला हे चालून जाते, ते बैठ्या घरातले. आपले अक्षर तिमजली! वर वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार आणि ऋकार, मध्ये जोडाक्षरांची दाटी. छापील बारा पॉइंटांचे अक्षर या पडद्यावर सतराएक ठिपक्यांत उभे करायचे म्हटले, तर अनुस्वाराच्या वाट्याला जेमतेम दीड-दोन ठिपके येतात. र. कृ. जोशींसारख्या अक्षरांच्या जाणकाराने विंडोजसाठी ‘मंगल’ हा टंक घडवला, पण ठिपकेच नसतील तर टंक तरी काय करणार?

नवा लॅपटॉप घ्यायचे ठरले. सूनबाईने वहीच्या पानावर दोन यंत्रे शेजारीशेजारी मांडली. दोन्ही चौदा इंची, आतली यंत्रणा तीच, स्मरणशक्ती तीच. एकाचा पडदा १९२० बाय १२००, दुसऱ्याचा २८८० बाय १८००, आणि किमतीत पंधरा हजारांचा फरक. तेवढ्यासाठी किती पाने तपासावी लागतील याचा हिशेब मी मनातल्या मनात केला आणि गप्प बसलो. मुलगा म्हणाला, “एकदाच घ्यायचा तर भारीच घ्या.” मलाही वाटे, ठिपके जास्त म्हणजे अक्षर मोठे. तसे नाही. ठिपके बारीक झाले की अक्षर उलट लहान होते, मग यंत्राला ते दीडपट-दुप्पट करायला सांगावे लागते. आकार तोच राहतो, कडा तेवढ्या रेखीव होतात. शिवाय सव्वादोन पट ठिपके उजळायचे म्हणजे बॅटरीही लवकर उतरायची, आणि पावसाळ्यात मावळातली वीज किती भरवशाची असते हे इथल्या माणसाला सांगायला नको.

तेव्हा खरा प्रश्न उरला तो अंतराचा. निरोगी डोळ्याला अंशाच्या साठाव्या भागाएवढे अंतर असले तरच दोन ठिपके वेगळे दिसतात. दोन फुटांवरून हे अंतर ०.१८ मिलिमीटर भरते, दीड फुटावरून ०.१३. स्वस्त पडद्याचा ठिपका ०.१६ चा, महागाचा ०.१० चा. म्हणजे दोन फुटांवर बसणाऱ्याने पंधरा हजार उगाच घालवायचे, आणि दीड फुटावर बसणाऱ्याने निदान विचार करायचा. मी दोन फुटांवरून वाचतो, असे मी छातीठोक सांगितले. सौ.ने मी तंद्रीत असताना सुतळी धरून मापले, तर पंधरा इंच!

“पडदा धूसर आहे म्हणून वाकता तुम्ही,” सूनबाई म्हणाली. “दुकानातच बघू या.”

लोकलने पुण्याला गेलो. पैसा पैसा जमवून १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना ज्या तळेगावात निघाला, तिथल्या माणसाने काचेला भुलू नये, असे सौ.ने निघताना बजावले होते आणि दोन फुटांची सुतळी खिशात घातली होती. दुकानदाराने दोन्ही पडद्यांवर धबधबे, पोपट आणि स्वित्झर्लंड दाखवले. धबधब्याला अनुस्वार नसतो! सूनबाईने पेनड्राइव्ह काढून स्मृतिग्रंथाचेच एक पान लावले. तिने मुद्दाम त्यात चुका पेरल्या होत्या. दुकानातला पोरगा तोंडाकडे पाहत राहिला, मी सुतळी ताणून ताठ बसलो आणि आधी स्वस्त पडद्यावर वाचू लागलो.

“‘संध्या’चा अनुस्वार गेला. ‘कृपा’चा ऋकार उकार झालाय. ‘पाणी’ची वेलांटी ऱ्हस्व. आणि हे काय, ‘गुरुजी वगात आले की मुले चिडीचूप होत’? रफार कुठे गेला?”

सूनबाई गोंधळली. “बाबा, मी तर तीनच चुका घातल्या होत्या.”

चौथी माझी होती, ग्रंथात छापून गेलेली. महागड्या पडद्यावरही त्याच चार दिसल्या, कडा थोड्या अधिक रेखीव, एवढेच. स्वस्तातला बांधून घेतला.

घरी आल्यावर शुद्धिपत्र तयार केले. ‘चिता’ खाली ‘वगात’ लिहिले आणि गुरुजींच्या मुलीकडे स्वतः घेऊन गेलो. तिने पहिली ओळ वाचून मान हलवली. दुसरी वाचली आणि एकदम हसू लागली.

“पहिली छापा काका,” डोळे पुसत ती म्हणाली, “पण ही राहू द्या. शाळेत कुणाला ठाऊक नव्हतं, पण बाबांना तमाशाचं भारी वेड होतं.”