बनगरवाडीत राहायचंय

सौ. ताईस,


निवृत्तीनंतर कुठे राहणार, असं तू विचारलंस. मनातलं उत्तर लिहिते: बनगरवाडीत.

व्यंकटेश माडगूळकरांनी १९५५ साली कादंबरीत वसवलेली ही औंध संस्थानातली धनगरांची वाडी. ती ज्या माणदेशात आहे, तो काही लांब नाही. आटपाडी, म्हसवड, माडगूळ, सगळीकडे एसटी जाते. पण मला नुसता तो माळ नको, ती वाडी हवी.

कादंबरीतला राजाराम मास्तर तिथे जातो तेव्हा शाळा ओस असते. पोरगं शाळेत बसलं तर मेंढरांमागं कोण जाणार, असा तिथला रोकडा हिशेब. वाडीच्या कारभाऱ्यानं मनावर घेतलं तेव्हा कुठे पोरं आली. मग हळूहळू सगळंच मास्तरकडं येऊ लागतं. कुणाचा कागद, कुणाचं भांडण, कुणाचं बाजारातलं काम. कारभाऱ्याच्या लेकीची, अंजीची चोळी शिवून आणली, तर त्यावरून कारभारी त्याच्याशी बोलणंच टाकतो. ताई, हा प्रसंग मी पुन्हा पुन्हा वाचते. रागावण्याइतका तो मास्तर त्यांचा झालेला असतो. माझ्या इमारतीत माझ्यावर रुसावं इतकं जवळचं कुणी नाही.

आणि ती तालीम! मास्तरच्या मनात आलं आणि अख्खी वाडी राबली. उद्घाटनाला खुद्द राजेसाहेब. औंधचे पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचे मोठे पुरस्कर्ते होते, हे ठाऊक असलं की त्या भेटीला आणखी रंग चढतो.

शेवटी दुष्काळ पडतो, हे तू म्हणशीलच. पाऊस दगा देतो, चारा संपतो, माणसं जगायला बाहेर पडतात, मास्तरही निघतो. दुसऱ्याच्या उपासमारीत गोडी शोधावी, असं मला मुळीच वाटत नाही. पण वाडी रिकामी झाल्यावर मास्तरला तिथे थांबण्यासारखं काही उरत नाही, यावरूनच मला माझं उमगलं. मला हवं आहे ते कुणाच्या तरी उपयोगी पडणं. बँकेत इतकी वर्षं काढली. कर्जाचा, पेन्शनचा अर्ज तर मी डोळे मिटून लिहीन. संध्याकाळी पोरांचं वाचन घेईन.

म्हणून आटपाडीच्या बाजूला एखाद्या लहान गावात भाड्यानं खोली बघायची आहे. उन्हाळ्यातच जाऊ, म्हणजे पाण्याचे हाल आधीच कळतील. तू बरोबर येशील ना? भावोजींशी मी बोलते.

तुझी,
धाकटी