फिल्टरखालचा थेंब

ऑईल बदलून आणलेल्या गाडीखाली दुसऱ्या दिवशी सकाळी डाग दिसला की निकाल लगेच लागतो: फिल्टर गळतोय, मेकॅनिकने नीट आवळला नाही. शंका रास्तच आहे. काल जिथे हात लागला तिथेच आज बिघाड निघाला, तर आधी त्या हाताकडेच बघायला हवं. पण शंका आणि निदान यांच्यामध्ये एक काम असतं आणि तेच बहुतेक वेळा राहून जातं. ते काम म्हणजे पुसणं. गळणाऱ्या फिल्टरला पाना लावण्याआधी फडकं लावलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. न पुसता, न बघता आवळलेला फिल्टर सुधारण्यापेक्षा बिघडण्याचाच संभव जास्त.

हुबळी-धारवाडच्या मध्यमवर्गीय घरांना हा प्रश्न तसा उशिराच पडला. 1972 पासून रस्त्यावर आलेल्या बजाज चेतकच्या टू-स्ट्रोक इंजिनात ऑईल पेट्रोलमध्येच मिसळायचं आणि पेट्रोलबरोबर जळून धुरातून जायचं. तिथे गाळायला काही उरतच नव्हतं, त्यामुळे फिल्टरही नव्हता. 1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आली आणि घरातल्या माणसांना इंजिनच्या तळाशी राहणारं, ठरावीक किलोमीटरने बदलायचं ऑईल माहीत झालं. पुढे घरोघरी पोचलेल्या स्प्लेंडरमध्येही कागदी फिल्टर नाही, गाळ फिरवून कडेला फेकणारी चकती आहे. हाताने पिळून बसवायचा पत्र्याचा डबा घरात आला तो मारुतीबरोबर. अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलंड यांनी मोटारीच्या ऑईलसाठी प्युरोलेटर हा फिल्टर 1923 मध्ये आणला. मारुती 800 रस्त्यावर आली ती 1983 च्या डिसेंबरात, म्हणजे बरोबर साठ वर्षांनी. एकाच आयुष्यात स्कूटर, मोटारसायकल आणि मोटार अशा तिन्ही गाड्या वापरलेली पिढी या जोड-शहरात आजही आहे. ऑईल जळून जातं, इथपासून ऑईल जपावं लागतं, इथपर्यंतचा प्रवास तिने केला आहे. गळतीबद्दलची तिची बेफिकिरी मला वाटतं त्या पहिल्या काळातलीच राहिली आहे.

डब्याच्या तोंडाकडे नीट बघितलं तर निम्मं निदान तिथेच होतं. मध्यभागी आटे असलेलं भोक, त्याभोवती बारीक भोकांचं कडं आणि सगळ्यात बाहेर रबराची रिंग. पंपातून आलेलं ऑईल कडेच्या भोकांतून आत जातं, कागदातून गाळून मधल्या भोकाने बेअरिंगांकडे निघतं. म्हणजे पंपाचा सगळा दाब अडवायला बाहेरच्या बाजूला ती एकटी रिंग असते. जुनी रिंग उष्णतेने कडक होते आणि इंजिनच्या तोंडाला चिकटून बसते. जुना डबा निघतो, पण रिंग वरच राहते. काळी, चपटी, ऑईलने माखलेली ती रिंग खालून अंधारात धातूचाच भाग वाटते. नवा डबा तिच्यावरच चढवला जातो आणि हाताला घट्टही लागतो. मग थंडीतल्या एखाद्या सकाळी गार, दाट ऑईलचा दाब चार-पाच बारवर जातो, दोन रिंगांपैकी एक सरकते आणि ऑईल धारेने बाहेर पडतं. छोट्या मोटारीत सगळं मिळून तीन-चार लिटर ऑईल असतं. चालकाचं लक्ष लाल दिव्याकडे जाईपर्यंत बेअरिंगं कोरडी पडलेली असू शकतात. म्हणून डागाकडे बघायचं ते तातडीने, आणि ऑईल धारेने पडत असेल तर गाडी जागेवरून हलवायचीच नाही.

थेंबाथेंबाची गळती मात्र बेमालूम फसवते. धारवाडच्या पावसाळ्यात स्लॅबला भेग एका खोलीवर असते आणि ओल दुसऱ्याच खोलीच्या भिंतीवर उमटते, तसंच इंजिनचं आहे. ऑईल वरून खाली ओघळतं, धावत्या गाडीत वाऱ्याने मागे ढकललं जातं आणि सगळ्यात खालच्या टोकावरून टपकतं. बऱ्याच इंजिनांत ते टोक फिल्टरचं किंवा चेंबरच्या ड्रेन बोल्टचं असतं. मग टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून पाझरलेलं, ऑईल प्रेशर स्विचच्या बुडाशी झिरपलेलं, ड्रेन बोल्टचा जुनाच वॉशर परत वापरल्यामुळे आलेलं, असं सगळं फिल्टरच्या नावावर खपतं. फिल्टर काढताना सांडलेलं ऑईल तर क्रॉसमेंबरच्या खोबणीत साचून एक-दोन दिवस टपकत राहतं, आणि तेव्हा मुळात गळती नसतेच. हे वेगळं ओळखायला उपाय एकच. सगळं कोरडं करायचं, खाली स्वच्छ पुठ्ठा टाकायचा, इंजिन सुरू करायचं आणि बॅटरीच्या उजेडात वरून खाली बघत यायचं. ओल बारीक असेल तर संशयाच्या जागी टाल्कम पावडर शिंपडावी. पांढऱ्यावर पहिली काळी रेघ जिथून निघते, तेच गळतीचं मूळ.

यावर गॅरेजवाल्यांचं म्हणणं असतं की दारात गाड्यांची रांग आहे, पुसत बसायला वेळ कुठे? अडचण खरी आहे. पण याच हुबळीत रेल्वेचं डिझेल लोको शेड आहे. अशा शेडमध्ये लोकोच्या ऑईलचा नमुना प्रयोगशाळेत जातो. त्यात लोखंड, तांबं, शिसं किती आलं यावरून इंजिन न उघडताच आतला कोणता भाग झिजतोय याचा अंदाज बांधतात. पुरावा आधी आणि पाना नंतर, ही शिस्त या गावाला परकी नाही. गोकुळ रोडवरच्या लहान गॅरेजला त्यासाठी प्रयोगशाळा नको, चिंध्या आणि दहा मिनिटं पुरतात. तीच गाडी दुसऱ्यांदा रॅम्पवर घ्यावी लागली की त्याहून जास्त वेळ जातो.

‘जरा अजून आवळून टाका’ हा ग्राहकाचा आग्रह तर मला जास्तच घातक वाटतो. नव्या रिंगला ऑईलचं बोट लावायचं, डबा हाताने फिरवायचा, रिंग टेकली की साधारण पाऊण फेरा द्यायचा आणि थांबायचं, अशीच सूचना बहुतेक डब्यांवर छापलेली असते. चेन पाना घालून पिळलं की रिंग चेपते, वळते, पत्रा दबतो आणि नसलेली गळती सुरू होते. फिल्टर डुप्लिकेट असेल, ही शंका त्यापेक्षा वजनदार आहे. पण पेटी अस्सल असूनही फिल्टर दुसऱ्याच गाडीचा असू शकतो. 20 मिलिमीटरच्या आट्यांचा डबा पाऊण इंची, म्हणजे 19.05 मिलिमीटरच्या स्टडवर चढतो, बसल्यासारखाही वाटतो. प्रत्यक्षात आटे एकमेकांत जेमतेम अडकलेले असतात आणि दाबाखाली ते सुटू शकतात. म्हणून पेटीवरच्या नावापेक्षा पार्ट नंबर वाचावा आणि जुन्या-नव्या रिंगांचा व्यास शेजारी धरून बघावा.

जुनी गाडी म्हटली की थोडं गळायचंच, हे तर मला अजिबात पटत नाही. ऑईल बदलायच्या आदल्या दिवशी कोरडी असलेली गाडी एका रात्रीत म्हातारी होत नाही. आणि हे थेंब आपल्या अंगणापुरते राहत नाहीत. हुबळीहून धारवाडकडे चढत जाणाऱ्या रस्त्यावर उणकल, नवलूरच्या आसपास पहिल्या सरीत रस्त्यावरचं ऑईल पाण्यावर तरंगतं, आणि त्यावरून मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याचं चाक घसरतं.

पुसून, योग्य नंबरचा नवा फिल्टर लावून, जुनी रिंग उरली नाही याची बोटाने खात्री करूनही डब्याभोवती ओल आली, तर मग इंजिनच्या बाजूने शोध घ्यायचा. बसायच्या तोंडावर ओरखडा आहे का? ऑईल कूलर असेल तर त्याच्या मागची सील शाबूत आहे का? आणि काढलेला डबा बुडाशी फुगलेला दिसला, तर तो फेकून देऊ नये, मालकाला दाखवावा. प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह बंद अवस्थेत अडकल्याने दाब हाताबाहेर गेल्याची ती खूण असते. अशा वेळी तिसरा, चौथा फिल्टर लावण्यात अर्थ नाही. स्विच काढून तिथे गेज लावावं, गार आणि गरम इंजिनचा दाब मोजावा आणि मगच व्हॉल्व्ह उघडावा.