रजेचे खाते

'रजा' हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला आणि त्याचा मूळ अर्थ संमती किंवा मर्जी. कन्नडमध्येही तो 'रजे' होऊन रुळल्यामुळे बेळगाव-निपाणीच्या सरकारी कचेरीत अर्ज कन्नडमध्ये द्यावा लागला आणि घरी हकीकत मराठीत सांगितली, तरी एवढा एक शब्द भाषांतरावाचून चालतो. नोकरदाराच्या सेवापुस्तकात, म्हणजे रुजू होण्यापासून निवृत्तीपर्यंतच्या नोंदवहीत, रजेचे खाते असते. जमा, खर्च आणि शिल्लक या रकान्यांतून घरातली बाळंतपणे नि आजारपणे कारकुनी अक्षरात उतरत जातात.

निपाणीच्या तहसील कचेरीतील एखाद्या महिला लिपिकाच्या खात्यातली पहिली मोठी नोंद 180 दिवसांच्या पगारी प्रसूती रजेची असते. नवराही राज्य सरकारचा नोकर असला, तर त्याच्या खात्यात 15 दिवस पडतात. मुलाच्या तापासाठी वा परीक्षेसाठी घ्यावयाची शिशुपालन रजा कर्नाटकाने महिलांना 2021 मध्ये दिली. धाकटे मूल 18 वर्षांचे होईपर्यंत, साऱ्या सेवेत मिळून 180 दिवस. कोगनोळी नाका ओलांडून महाराष्ट्रात कागलला गेले की तीच बालसंगोपन रजा म्हणून 2018 पासून आहे, तर निपाणीच्याच टपाल कचेरीतील आईला केंद्राचे नियम लागू असल्याने 2008 पासून 730 दिवस. ताप मात्र सगळीकडे सारखाच चढतो. कर्नाटकातील बापाला ही रजा 2023 मध्ये मिळाली, तीही तो अविवाहित, विधुर वा घटस्फोटित असा एकल पालक असेल तरच. घरात पत्नी असताना बापाने मुलाच्या उशाशी बसावे, असे नियमकर्त्यांना वाटलेले दिसत नाही.

बेळगाव मुंबई इलाख्यात असताना, 1928 मध्ये, इलाख्याच्या कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मातेची विश्रांती राष्ट्राच्या हिताची असल्याने तिचा भार सरकारनेही उचलावा, असे मांडले होते. हाच न्याय पुढे लावला, तर अंथरुणाला खिळलेल्या सासूचे काय, हा प्रश्न टळत नाही, कारण तिच्यासाठी खात्यात रकानाच नाही. अशा वेळी वर्षाला 30 दिवस जमा होणारी अर्जित रजा खर्ची पडते. आणि निवृत्तीच्या वेळी या रजेच्या 300 दिवसांपर्यंतच्या शिल्लकीचे रोख पैसे मिळत असल्याने शुश्रूषेचा खर्च ती लिपिक स्वतःच्या पुंजीतून भागवते. दोन्ही पालकांना सारखी शिशुपालन रजा आणि वडीलधाऱ्यांच्या शुश्रूषेसाठी वेगळी पगारी रजा कर्नाटक नागरी सेवा नियमांत घालावी, आणि ती मर्जी म्हणून नव्हे, हक्क म्हणून घालावी.