भुईची तार

ज्यांचे बालपण १९६० ते १९८० या काळात बेळगावच्या आसपास गेले, त्यांना जावा मोटारसायकलचा आवाज ओळखावयास शिकवावे लागत नाही. सिलिंडर एकच, पण धूर बाहेर टाकण्यास सायलेन्सर दोन. मंद गतीत ती दम घेत घेत बोले आणि वेग वाढला की तिचे बोलणे सलग होई.

जावा मूळची चेकोस्लोव्हाकियाची. यानेचेक या कारखानदाराने १९२९ मध्ये जर्मनीच्या वांडरर कंपनीचे मोटारसायकलचे काम घेतले आणि दोन्ही नावांची आद्याक्षरे जोडून हे नाव केले. रुस्तुम इराणी यांच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ मध्ये म्हैसूरला तिचे उत्पादन सुरू केले. पुढे १९७० नंतरच्या दशकात तिची वारस 'येझदी' आली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. २०१८ मध्ये जावा हे नाव बाजारात परत आले. परंतु नव्या गाड्यांची इंजिने फोर स्ट्रोक आहेत. जुन्या टू स्ट्रोक इंजिनाला झडपा नसत. दट्ट्याच वरखाली होताना सिलिंडरच्या भिंतीतील खिडक्या उघडी व मिटी. त्याच्या वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळावयाचे, लिटरला सुमारे चाळीस मिलिलिटर. तो निळसर धूर आणि तो वास त्या तेलाचा.

आमच्या घरची जावा १९६९ ची. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, खानापूर तालुक्यात पशुवैद्य होते. खानापूरचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला रात्री दहा वाजता अडलेल्या म्हशीसाठी जंगलवाटेने जाणे म्हणजे काय, हे सांगावे लागणार नाही. नाक्यावर गाडीचा आवाज ऐकू आला की आई भाताचे आधण चुलीवर ठेवी. आवाज नसेल तर आधणही नसे. ती नुसतीच पायरीवर बसून राही.

अण्णा गेल्यावर गाडी पडवीत वीस वर्षे उभी होती. गेल्या वर्षी मी ती चालती करावयास घेतली. इंजिनाचे काम तुलनेने सोपे निघाले. उद्यमबागेत सिलिंडर बोअर करून घेतला, दट्ट्या व रिंगा नव्या घातल्या, कार्बुरेटर धुतला. पॉइंटमधील फट ०.४ मिलिमीटरवर लावताच ठिणगीही आली. खरी परीक्षा वायरिंगची होती.

दिव्याच्या घमेल्यातून जुन्या तारांचा जुडगा बाहेर काढला, तेव्हा त्यांवरचे रबर बोटांत भुगा होऊन आले. रंग ओळखू येत नव्हते. मात्र प्रत्येक तारेच्या टोकाला औषधी चिकटपट्टीचा एकेक तुकडा गुंडाळलेला होता, जनावरांच्या जखमांवरील पट्ट्या बसविण्यासाठी अण्णा वापरीत तीच पट्टी. तिच्यावर त्यांच्या बारीक अक्षरात शब्द होते : 'भोंगा', 'मागचा दिवा', 'थांबा', 'चार्जिंग'. आणि एका जाड, ओबडधोबड तारेवर : 'भुई'.

जुन्या तारा ठेवणे धोक्याचे होते. पेट्रोलच्या टाकीखाली उघड्या तारा म्हणजे आगीला आमंत्रण. सगळा संच नवा करावयाचा, हे ठरले. वाद झाला तो व्होल्टचा. माझ्या मुलाचे मत, ६ व्होल्टची पद्धत काढून १२ व्होल्टची बसवावी. जुना दिवा काजव्यासारखा, रात्री रस्ता दिसणार कसा? त्याचे म्हणणे अडाणीपणाचे नव्हते. ३५ वॅटचा दिवा ६ व्होल्टवर जवळजवळ ६ अँपिअर प्रवाह घेतो, १२ व्होल्टवर त्याच्या निम्मा. एखाद्या गंजलेल्या जोडाने दशांश ओहमचा अडथळा केला, तर ६ व्होल्टच्या गाडीत विजेच्या दाबाचा जवळजवळ दहावा हिस्सा तेथेच खर्ची पडतो. १२ व्होल्टच्या गाडीत सुमारे चाळिसावा. म्हणजे जुनी पद्धत मुळातच दुबळी नव्हे, तिला अस्वच्छ जोड खपत नाहीत इतकेच. गाडी ६ व्होल्टवरच ठेवावी आणि प्रत्येक जोड घासून, डाक देऊन पक्का करावा, असे मी ठरविले.

आमच्या हाती आलेल्या वायरिंगच्या नकाशात ती 'भुई' नव्हती. मिस्त्रींनी नकाशाबरहुकूम नवा संच बसविला. दिवा लागला, पण हँडल वळविले की तो मंदावे आणि भोंगा घशात अडकल्यासारखा बोले. दोन दिवस तपासणी चालली. मग मिस्त्री उठून म्हणाले, "करंट जायला वाट हाय मास्तर, परत यायला न्हाई. अर्थ लागंना झालाय बघा."

मोटारसायकलमध्ये बॅटरीपासून दिव्यापर्यंत तार जाते. परतीला बहुधा वेगळी तार नसते. गाडीचा लोखंडी सांगाडाच परतीची वाट असतो. परंतु पुढचा दिवा हँडलबरोबर वळतो आणि त्याची वीज परतते ती हँडलच्या मानेतील ग्रीसमाखल्या छऱ्यांमधून. शिवाय रंगाऱ्याने दिलेल्या सुरेख मरून रंगाचा थर प्रत्येक जोडाच्या मध्ये आला होता. रंग वीज वाहू देत नाही. दिव्याच्या घमेल्यापासून थेट सांगाड्यापर्यंत जाणारी अण्णांची ती ओबडधोबड तार नेमकी यासाठी होती. कारखान्याने जी वाट छऱ्यांवर सोपविली, ती खानापूरच्या पावसात भिजणाऱ्या माणसाला भरवशाची वाटली नसावी. आम्ही दोन ठिकाणचा रंग खरवडला, नवी जाड तार जोडली, आणि हँडल कसेही वळविले तरी दिवा स्थिर राहिला.

मिस्त्री त्या तारेला 'अर्थ' म्हणतात, मुलगा 'ग्राउंड' म्हणतो. इंग्रजी 'अर्थ' मराठीत आल्यावर 'अर्थ लागत नाही' या वाक्याला जो दुहेरी अर्थ आला, त्याची मौज भाषेच्या शिक्षकास वाटणारच. पण अण्णांचा शब्द मला अधिक नेमका वाटतो. त्यांनी कोशात पाहिले नव्हते. जे काम ती तार करते, त्याला त्यांच्या बोलीत तयार शब्द होता, तो त्यांनी लिहिला. परमुलखात राहणाऱ्या आपणां मराठी माणसांच्या घरांतून असे शब्द वस्तूंना चिकटलेले असतात. वस्तू फेकली की तेही जातात. नव्या तारांवर मी तेच शब्द पुन्हा लिहिले आहेत.

राहिला प्रश्न नोंदणीचा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांपुढील मूळ स्वरूपातील वाहनास 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते. मात्र असे वाहन प्रदर्शन, रॅली अशा कारणांपुरतेच रस्त्यावर आणता येते. मित्रांनी तोच मान घ्यावा असे सुचविले. मी नेहमीच्या फेरनोंदणीचा अर्ज केला आहे. ही गाडी पाहण्यासाठी घेतलेली नव्हती, जाण्यायेण्यासाठी होती.

आईचे वय आता सत्त्याऐंशी. तिला कमी ऐकू येते. अंगणात गाडी सुरू केली तेव्हा तिने आवाजाविषयी काहीच म्हटले नाही. ती पुढे झाली, दिव्याच्या काचेवर तळहात ठेवला आणि विचारले, "आता वळताना जात नाही ना रे हा?"